सनद कुठे आहे?

आमचा लेख परत आला त्या दिवशी आम्ही चौघे शाळा सुटल्यावर कल्याणच्या दूधनाक्यावर चहा घेत बसलो होतो. चौघेही उर्दू माध्यमाच्या शाळांत शिकवणारे. कुणी कल्याणचा, कुणी भिवंडीचा, कुणी मुंब्र्याचा. एकाने मोबाईल काढून उत्तर वाचून दाखवले. उत्तर तीन ओळींचे होते. विषयावर स्वतंत्र आणि विश्वासार्ह संदर्भ दिलेले नाहीत. भाषा गौरवपर आहे. काही मजकूर दुसरीकडून जसाच्या तसा घेतलेला दिसतो. बस्स. खाली नाव नाही, सही नाही.

लेख आमच्या उस्तादांच्या उस्तादांवर होता. दिवसा शाळेत शिकवायचे आणि संध्याकाळी रेतीबंदरावर, वखारींत काम करणाऱ्या पोरांसाठी रात्रशाळा चालवायची, असे आयुष्य काढलेला हा माणूस. उर्दूत गझल लिहायचे, मराठीत कविता करायचे. त्यांचे नाव येथे देत नाही, कारण घरच्यांना गाजावाजा नको आहे. ज्या ऑनलाइन ज्ञानकोशाकडे लेख पाठवला त्याचेही नाव देत नाही, कारण हा लेख तक्रारीचा नाही. पण त्या दिवशी मात्र तक्रारच होती. आमच्यातला एकजण म्हणाला, "नाव उर्दू आहे ना, म्हणून." आम्ही कुणीच त्याला खोडून काढले नाही. खरे सांगायचे तर आम्हालाही तसेच वाटले होते.

तो संशय खरा की खोटा, हे पाहण्यासाठी आम्ही वाचायला लागलो. नवख्या माणसाचा लेख कोश का परत करतो, हा प्रश्न आम्हाला वाटला होता त्यापेक्षा फार जुना निघाला. त्याची हकीकत येथे मांडतो आहोत.

कोश म्हणजे निवड

मराठीत आधुनिक ज्ञानकोशाची सुरुवात डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांपासून होते. १८८४ साली जन्मलेला हा माणूस अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन परतला आणि त्याने 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' काढायचे ठरवले. सरकारी मदत नव्हती. त्यांनी मर्यादित कंपनी स्थापन केली, भाग विकले, वर्गणीदार मिळवले. १९२० पासून खंड निघू लागले आणि काम २३ खंडांपर्यंत गेले. पहिले पाच खंड नुसत्या प्रस्तावनेचे होते. त्या कोशात कोणती नोंद घ्यायची आणि कोणती नाही, हे केतकर आणि त्यांचे मोजके सहकारी ठरवत. बाहेरच्या वाचकाने टपालाने लेख पाठवावा आणि तो छापून यावा, अशी ती व्यवस्थाच नव्हती.

दुसरा मोठा प्रयत्न राज्याच्या स्थापनेबरोबर सुरू झाला. १९६० साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ स्थापन झाले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे अध्यक्ष झाले, आणि वाईला मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले. पहिला खंड १९७६ साली निघाला. म्हणजे मधे सोळा वर्षे गेली. तेथे विषयवार संपादक होते, तज्ज्ञ लेखक होते, नोंदीची लांबी आधी ठरत असे. लेखकाची निवड कोश करी. लेखकाने कोशाची निवड करण्याचा प्रश्नच नव्हता.

सांगायचा मुद्दा हा की छापील कोशाच्या दारात आमच्यासारखा माणूस कधी उभाच राहिला नाही. त्यामुळे त्याला कुणी परतही पाठवले नाही. ऑनलाइन कोशाने दार उघडले, म्हणून तर आम्हाला ते लावून घेतल्याचे दुःख झाले.

ते दार उघडले कसे, हीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. २००० साली अमेरिकेत जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी न्यूपीडिया नावाचा ऑनलाइन कोश सुरू केला. तज्ज्ञांनी लिहायचे, तज्ज्ञांनी तपासायचे, आणि तपासणीच्या सात पायऱ्या. वर्षभरात जेमतेम वीसेक लेख पार झाले. या कासवगतीला कंटाळून १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला. कुणीही यावे, लिहावे, दुसऱ्याने सुधारावे. वर्षभरात लेख हजारोंनी वाढले. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. आज त्यात नव्वद हजारांहून अधिक लेख आहेत. उर्दू विकिपीडिया २००४ साली आला. म्हणजे आमच्या दोन्ही भाषांना जवळपास एकाच वेळी हे अंगण मिळाले.

दार अर्धे का लागले

२००५ साली एक प्रकरण घडले. जॉन सीगेंथालर नावाच्या अमेरिकन पत्रकाराबद्दल कुणीतरी थट्टेने लिहिले की केनेडी बंधूंच्या हत्यांत याचा हात असल्याचा संशय होता. धादांत खोटे. पण ते वाक्य कोशात काही महिने तसेच राहिले. सीगेंथालर यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून जाब विचारला, आणि डिसेंबर २००५ पासून इंग्रजी विकिपीडियावर नाव न नोंदवता नवा लेख सुरू करणे बंद झाले. अशा लोकांनी मसुदा पाठवावा, अनुभवी सदस्याने तो तपासावा, अशी वाट काढण्यात आली. २०१८ पासून नियम आणखी कडक झाला. खाते किमान चार दिवसांचे हवे आणि हातून दहा तरी संपादने झालेली हवीत, तरच थेट लेख सुरू करता येतो.

म्हणजे तपासनीस बसला तो एका खोट्या वाक्यामुळे. आमच्या नावामुळे नव्हे. हे कळल्यावर आमचा पहिला राग थोडा उतरला.

तपासनीस काय पाहतो? त्याचे मुख्य नियम तीनच आहेत. लिहिलेले प्रत्येक महत्त्वाचे विधान वाचकाला छापील किंवा प्रकाशित आधारावरून पडताळता आले पाहिजे. लेखकाने स्वतःचे संशोधन, स्वतःचे निष्कर्ष तेथे पहिल्यांदा मांडू नयेत. आणि बाजू न घेता लिहावे. याशिवाय आणखी एक चाळणी आहे, तिला मराठी विकिपीडियावर 'उल्लेखनीयता' म्हणतात. त्या विषयाशी संबंध नसलेल्या लोकांनी, विश्वासार्ह ठिकाणी, त्याच्याबद्दल पुरेसे लिहिलेले असले पाहिजे. माणूस मोठा होता की नाही, हे कोश ठरवत नाही. त्याच्याबद्दल इतरांनी लिहिले आहे की नाही, एवढेच पाहतो. हा फरक आम्हाला समजायला फार वेळ लागला, आणि आमच्या मते बहुतेक नवखे येथेच अडखळतात.

आणखी एक बारकावा. इंग्रजी विकिपीडियावर परत पाठवणे आणि नाकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परत पाठवलेला मसुदा दुरुस्त करून पुन्हा देता येतो. नाकारलेल्यावर सहसा पडदा पडतो. पण उत्तर हातात आल्यावर माणूस एवढे बारकाईने वाचत नाही. परीक्षेत एटीकेटी लागलेला मुलगा आणि नापास झालेला मुलगा घरी एकच चेहरा घेऊन जातो, तसे होते.

आमच्या चुका

आता आमच्या लेखाकडे वळतो. तीन ओळींच्या उत्तरातली प्रत्येक ओळ खरी होती.

पहिली ओळ संदर्भांची. आम्ही चार संदर्भ दिले होते. एक उस्तादांच्या स्वतःच्या काव्यसंग्रहाचा, दुसरा त्याच संग्रहाच्या प्रस्तावनेचा, तिसरा शाळेच्या वार्षिकाचा, चौथा समाजमाध्यमावरील श्रद्धांजलीचा. म्हणजे स्वतः लिहिलेले, मित्राने लिहिलेले, संस्थेने लिहिलेले आणि आम्हीच लिहिलेले. एकही त्रयस्थ नाही. शिवाय उस्तादांचा नातू आमच्या चौघांपैकीच एक. आपल्या घरच्या माणसावर आपण लिहू नये, लिहिलेच तर तसे सांगावे, असा तेथला संकेत आहे. आम्ही सांगितले नव्हते. लपवायचे म्हणून नव्हे, सांगायचे असते हेच ठाऊक नव्हते.

दुसरी ओळ भाषेची. आमच्या लेखाचे पहिले वाक्य असे होते की ज्ञानाचा हा दीप अखंड तेवत राहून अंधारलेल्या वस्तीला उजळीत राहिला. आम्हाला ते वाक्य फार आवडले होते. आता वाचताना त्यात ना वस्तीचे नाव आहे, ना साल, ना पोरांची संख्या. आपल्याकडे गेलेल्या माणसावर लिहायचे म्हणजे मर्सिया लिहायचा, अशी सवय हाडीमासी खिळली आहे. मराठी गौरवग्रंथांतही हेच चालते. शोकसभेत ते शोभते. कोशात 'थोर' हा शब्द काढला तर वाक्यात काय उरते, हे पाहावे लागते. आमच्या पहिल्या दोन परिच्छेदांत काहीच उरत नव्हते.

तिसरी ओळ उचलेगिरीची. प्रस्तावनेतले दोन परिच्छेद आम्ही तसेच टंकले होते. लेखकाची परवानगी घेतली होती, म्हणून निश्चिंत होतो. पण भारतीय कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या लेखनावर हक्क राहतो, आणि खुल्या कोशातला मजकूर तर कुणीही, अगदी व्यवसायासाठीही, पुन्हा वापरू शकतो. 'तुम्ही घ्या' एवढी तोंडी परवानगी त्याला पुरत नाही. केतकर १९३७ साली वारले, त्यांचा ज्ञानकोश आज सर्वांचा आहे. कालपरवाची प्रस्तावना तशी नाही.

चौथी चूक उत्तरात नव्हती, पण आम्हीच सांगतो. मजकुराचा एक भाग जुन्या मराठी फाँटमध्ये टंकलेला होता आणि उस्तादांच्या गझलांची शीर्षके इनपेजमधून उचलली होती. युनिकोड नसलेला मजकूर पानावर गेल्यावर त्याची अक्षरे किड्यामुंग्यांसारखी दिसू लागली. तपासणाऱ्याने ते पाहून काय मत केले असेल, याची कल्पना करवत नाही.

मराठी विकिपीडियावर सरावासाठी एक पान मिळते, त्याला 'धूळपाटी' म्हणतात. हा शब्द वाचून आम्हाला हसू आले आणि थोडे वाईटही वाटले. जुन्या काळी मुले पाटीवर धूळ पसरून अक्षरे गिरवायची. आमच्याकडे मुलतानी माती फासलेली लाकडी तख्ती असायची. चुकले की धुवायचे, पुन्हा लिहायचे. आम्ही रोज मुलांना सांगतो की आधी पाटीवर, मग वहीत. स्वतः मात्र सरळ वहीत लिहायला गेलो.

सनद म्हणजे काय

उत्तराचा राग ओसरल्यावर आम्हाला एका गोष्टीची लाज वाटली. 'आधार कुठे आहे?' हा प्रश्न आम्हाला परका वाटावा, हेच मुळी चमत्कारिक होते. ज्या परंपरेत आम्ही वाढलो तिने हा प्रश्न हजार-बाराशे वर्षांपूर्वी विचारला आहे.

हदीसचे प्रत्येक वचन दोन भागांत असते. मतन म्हणजे मजकूर आणि सनद म्हणजे तो कुणी कुणाकडून ऐकला त्याची साखळी. साखळीतली एक कडी जरी कच्ची असली, एखादा रावी विसराळू किंवा खोटे बोलणारा ठरला, तर वचन कितीही सुंदर असो, त्याला जईफ म्हणजे दुर्बल म्हणत. इमाम बुखारी हे नवव्या शतकातले. त्यांनी निवडलेल्या वचनांपेक्षा बाजूला ठेवलेली वचने कितीतरी अधिक होती. रावींची चरित्रे तपासणारे एक स्वतंत्र शास्त्रच उभे राहिले. पुढे चौदाव्या शतकात इब्न खल्दूनने आपल्या 'मुकद्दिमा'त इतिहासकारांना खडसावले की कुणी लाखोंच्या सैन्याचे आकडे सांगितले म्हणून लिहून घेऊ नका, एवढे सैन्य त्या जागेत मावले असते का, ते आधी पाहा.

मराठीतही हा वारसा आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या, तेव्हा ते ठिकठिकाणी गेले, ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांना विचारले. त्यातून 'लीळाचरित्र' झाले. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर वि. का. राजवाडे दप्तरे शोधत गावोगाव हिंडले. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला, पुढे २२ खंड झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. आधी कागद, मग इतिहास, ही शिस्त त्या पिढीने महाराष्ट्राला लावली. सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधने मराठीत आणली, तीही याच शिस्तीने. उर्दू-फारसी येणारा माणूस मराठी इतिहासाला किती उपयोगी पडू शकतो, याचे ते उदाहरण आहे, आणि आमच्यासारख्यांना लाजवणारेही.

तरीही एक फरक आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. हदीसचा अभ्यासक तोंडी साखळी तपासू शकत होता, कारण रावी कोण, कुठला, कसा, हे त्याला माहीत असे. म्हाइंभट समोर बसलेल्या माणसाला पुन्हा विचारू शकत होते. ऑनलाइन कोशाचा तपासनीस कुठेतरी दूर बसलेला असतो, त्याला लिहिणाऱ्याचे खरे नावही ठाऊक नसते. आमची आजी जे सांगते ते खरे की खोटे, हे तो ठरवणार कसे? म्हणून तो छापील कागद मागतो. छापील म्हणजे खरेच असते, असा त्याचा समज नसतो. पण छापणाऱ्याचे नाव-पत्ता असतो, चुकल्यास त्याला जबाबदार धरता येते. नाव न सांगणाऱ्या लोकांनी लिहिलेला कोश दुसऱ्याच्या नावावरच उभा राहू शकतो.

जेथे नियम अपुरा पडतो

म्हणून नियम निर्दोष आहे, असे आम्ही म्हणत नाही. कॅनडाच्या डॉना स्ट्रिकलंड या भौतिकशास्त्रज्ञ. २०१८ च्या मे महिन्यात त्यांच्यावरचा मसुदा इंग्रजी विकिपीडियाने परत पाठवला. स्वतंत्र संदर्भ अपुरे, हेच कारण. २ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांना नोबेल जाहीर झाले. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या त्या तिसऱ्या स्त्री, आधीच्या स्त्रीनंतर ५५ वर्षांनी. लेख त्याच दिवशी तयार झाला. काम मे महिन्यातही तेवढेच मोठे होते. फक्त लिहिणाऱ्यांनी लिहिले नव्हते. कोश हा आरसा आहे. समाजाने ज्याच्याकडे पाहिलेच नाही, ते त्याच्यात दिसत नाही.

रात्रशाळा, मोहल्ल्यातली शिवणकला शिकवणारी आपा, उर्दू मुशायऱ्यांचे सूत्रसंचालक, यांच्याकडे छापील जगाने कधी पाहिले? २०११ साली अचल प्रभाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मल्याळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सेपेदी या भाषांत प्रयोग केला. गावातल्या लोकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करायच्या आणि त्याच संदर्भ म्हणून द्यायच्या. ज्ञान पुस्तकात नाही, माणसांत आहे, हा त्यांचा मुद्दा. प्रयोग गाजला, वादही झाला, पण सर्वमान्य नियम झाला नाही. हा प्रश्न आजही उघडा आहे.

आणि फातिमा शेख. ९ जानेवारी २०२२ रोजी गूगलने त्यांचे चित्र मुखपृष्ठावर लावले, तेव्हा आम्ही वर्गात पेढे वाटले होते. २०२५ च्या जानेवारीत एका पत्रकाराने जाहीर केले की ही व्यक्ती आपण रचलेली आहे, अशी कुणी बाई झालीच नाही. मुलींनी वर्गात विचारले, "सर, खोटं होतं का?" उत्तर आमच्याकडे होते, पण भाषणांतून आलेले नव्हते. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आपण नसताना तिला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करायची नाही, असा त्याचा आशय. सावित्रीबाईंचे 'समग्र वाङ्मय' मा. गो. माळी यांनी संपादित केले, ते राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले, आणि हे पत्र त्यात आहे. ती एक ओळ फातिमाबींना पुरली. आम्ही वर्षानुवर्षे केलेली भाषणे त्या दिवशी कामाला आली नाहीत.

पण त्याच दिवशी मुलींना दुसरी गोष्टही सांगावी लागली. ९ जानेवारी ही जन्मतारीख आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो, तिला समकालीन कागदाचा आधार दाखवता येत नाही. फातिमाबी होत्या, हे ठाम सांगता येते. त्या त्या दिवशी जन्मल्या, हे नाही. असलेल्याला धरून राहायचे असेल तर नसलेले सोडावे लागते. नाहीतर खोटे ठरवणाऱ्याला आपणच फट ठेवतो.

आपल्या गावची साधने

कल्याणसारख्या गावाला तर साधनांची वाण नाही. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आहेत. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात हे बंदर येते. १६५७ साली शिवाजी महाराजांनी ते घेतले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोचली. १८८२ साली जेम्स कॅम्पबेलच्या संपादनाखाली ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर निघाले. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे.

साधन हाती आले तरी डोळे उघडे ठेवावे लागतात. गॅझेटिअरमधला 'ठाणे जिल्हा' आजचा नव्हे. त्यात पनवेल होते, कर्जत होते, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झालेला पालघरही होता. तिथले आकडे उचलून आजच्या ठाण्याला चिकटवणारे लेख आम्ही पाहिले आहेत. आणि कल्याणजवळचा तो डोंगर. कुणी त्याला हाजी मलंग म्हणतो, कुणी मलंगगड. दोघांचीही श्रद्धा आहे, प्रकरण न्यायालयात गेलेले आहे. कोशात लिहायचे तर दोन्ही नावे द्यावी लागतात, कोण काय म्हणतो ते सांगावे लागते, आणि आपले मन घरी ठेवावे लागते. आम्हा चौघांना हे कितपत जमेल, सांगवत नाही.

रजिस्टर

शेवटी उस्तादांकडे परत येतो. आम्ही रविवारी वाचनालयांत बसू लागलो. संदर्भ उर्दूतला असला तरी चालतो, इंटरनेटवर नसला तरी चालतो, हे कळल्यावर हुरूप आला होता. १९३८ पासून मुंबईत 'इन्किलाब' निघतो. आपल्या वस्त्यांचे किती जगणे त्या कागदांत पिवळे पडत असेल! उस्तादांच्या घरच्या ट्रंकेत एका उर्दू दैनिकाचे कात्रण मिळाले, रात्रशाळेच्या बातमीचे. आणि एका वाचनालयात जुनी स्मरणिका मिळाली. तिच्यात रात्रशाळेवर अर्धे पान होते.

ते अर्धे पान आम्ही दोनदा वाचले. रात्रशाळा आम्ही लिहिले होते त्यापेक्षा दोन वर्षांनी सुरू झाली होती. हे एक. दुसरे असे की ती एकट्या उस्तादांनी सुरू केलीच नव्हती. मराठी शाळेतले एक गुरुजी त्यांच्याबरोबर होते. गुरुजी मराठी आणि हिशेब शिकवायचे, उस्ताद उर्दू. कंदिलाच्या रॉकेलचा खर्च दोघे वाटून घ्यायचे. आमच्या लेखात गुरुजींचे नाव कुठेच नव्हते. आम्हाला कुणी सांगितलेच नव्हते, आणि आम्ही विचारले नव्हते.

आमची माणसे इतिहासातून पुसली जातात, ही आमची नेहमीची कैफियत. ती खोटी नाही. पण त्या लेखात एका माणसाला आम्ही पुसले होते. लेख तसाच छापून आला असता, तर पुढच्या पिढीने तो संदर्भ म्हणून वापरला असता आणि गुरुजी कायमचे गेले असते. तीन ओळी लिहिणाऱ्या त्या बिननावाच्या माणसाला यातले काही ठाऊक नव्हते. तरी त्याच्यामुळे हे टळले.

गुरुजींची मुलगी डोंबिवलीत राहते, हे शोधून काढायला दोन महिने लागले. आम्ही गेलो तेव्हा ताई म्हणाल्या, "बाबा मौलवीसरांबद्दल फार बोलायचे. तुमच्यापैकी कोणी कधी येईल, असं वाटलं नव्हतं." त्यांनी माळ्यावरून एक रजिस्टर काढले. रात्रशाळेचे हजेरीपुस्तक. एका पानावर मराठीत नावे, समोरच्या पानावर तीच नावे उर्दूत. दोन हातांची दोन अक्षरे. नातू बराच वेळ त्या पानावर हात ठेवून बसला.

हे रजिस्टर कोशाला चालणार नाही. ते अप्रकाशित आहे, त्यावरून निष्कर्ष काढणे म्हणजे स्वतःचे संशोधन झाले. पण इतिहासाला ते चालते. किंबहुना इतिहास त्यावरूनच लिहिला जातो. आमची मूळ चूक ही होती की इतिहास लिहिण्याआधीच आम्ही कोशात गेलो. कोश ही शेवटची पायरी आहे. त्याआधी कुणीतरी ट्रंका उघडाव्या लागतात, माळे झाडावे लागतात, म्हाताऱ्या माणसांपाशी बसून तारीख-वार विचारावा लागतो, लिहिलेले कुणा त्रयस्थाला दाखवावे लागते आणि नावानिशी छापावे लागते. आपल्या समाजात हे काम कमी झाले आहे. ते दुसऱ्या कुणी करून द्यावे, अशी वाट आपण पाहत बसलो.

आमच्यासारखे बी.एड. झालेले शेकडो लोक ठाणे-कल्याण-भिवंडीच्या शाळांत आहेत. त्यांना मराठी येते, उर्दू येते, जुनी शिकस्ता लिपी थोड्या सरावाने वाचता येईल. प्रत्येकाने आपल्या मोहल्ल्यातली एक गोष्ट, एक मदरसा, एक वाचनालय, एक माणूस घेतला आणि वर्षभरात दहा पाने कागदपत्रांच्या आधारे लिहिली, तरी पुढच्या माणसाला कोशाच्या दारातून परत फिरावे लागणार नाही. मात्र ज्याने लिहिले त्यानेच ते कोशात नेऊ नये. ते काम अनोळखी माणसाला करू द्यावे.

रात्रशाळेचा इतिहास आम्ही आता लिहितो आहोत. दोन नावांनी सुरू होतो. धूळपाटीवर मात्र सध्या चारच वाक्ये आहेत. एकातही 'थोर' नाही. दोन वाक्यांना संदर्भ मिळाला आहे, दोन अजून उघडी आहेत. संदर्भ मिळेपर्यंत ती तशीच राहतील, नाहीतर पुसू.